आप्पांच्या वजनाचं पोतं

आपल्या पाठीला आपला बाप पेलत नाही, हे निरीक्षकांना तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर कळलं.

आप्पा पाठीवर होते. त्यांचा उजवा हात निरीक्षकांच्या गळ्याभोवती होता. डावा हात अर्धांगवायूचा झटका आल्यापासून फारसा कामाचा उरला नव्हता, म्हणून तो सुनेने मागून धरला होता. पहिल्या काही पायऱ्या निरीक्षक रुबाबात उतरले. वळणावर आल्यावर मात्र त्यांचे गुडघे लटलटू लागले आणि कुणी बसा म्हटल्यासारखे ते हळूहळू खाली बसले.

"आलं का खाली?" आप्पांनी मागून विचारलं.

"नाही आप्पा. जरा दम घेतोय."

"घे की. पण माझ्या पायावर बसलायस, तेवढं बघ."

आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावरचे मेजर बाहेर आले. मेजर कधीही सैन्यात नव्हते. एका बिस्किटांच्या कारखान्यात त्यांनी भांडार सांभाळलं होतं. पण मिशा आणि बोलण्यातला हुकूम यामुळे इमारतीने त्यांना परस्पर बढती देऊन टाकली होती. मेजर आणि त्यांचा जावई या दोघांनी मिळून आप्पांना उचललं, वर नेलं आणि पलंगावर अलगद ठेवलं. जाताना मेजरांनी निरीक्षकांच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "होतं असं, साहेब. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

गुडघ्यांपेक्षा ती थाप निरीक्षकांना जास्त लागली.

निरीक्षक वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. दुकानांतले काटे, गिरण्यांतली मापं, गोदामांतले गाड्या तोलणारे वजनपूल तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर नोटीस द्यायची, हे त्यांचं काम. लोकांच्या वजनातली खोट शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आपल्यातच एवढी खोट निघेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

जायचं होतं ते काकांकडे. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचे आणि गेले काही महिने अंथरुणाला खिळले होते. दोघे भाऊ रोज फोनवर बोलत. बोलणं म्हणजे काय, तर एकाने विचारायचं "जेवलास?" आणि दुसऱ्याने म्हणायचं "हो, तू?" अलीकडे काकांच्या "हो"च्या आधी बराच वेळ नुसता श्वास ऐकू येई. एकदा फोन ठेवल्यावर आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "एकदा त्याला बघायला हवं." त्यापलीकडे ते काही बोलले नाहीत. आप्पांनी आयुष्यात मुलाकडे फारसं काही मागितलेलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायची सवय निरीक्षकांना नव्हती.

आता कुणीही विचारेल, की इमारतीला लिफ्ट नव्हती का? होती. चांगली नवीकोरी, आरसा लावलेली लिफ्ट तळमजल्यावर उभी होती. पण तिची तपासणी व्हायची होती. तपासणी करणारं कार्यालय वेगळं होतं आणि तिथला माणूस बदलीवर गेला होता. त्याच्या जागी आलेल्या माणसाला लिफ्ट तपासायचा अधिकार होता, पण प्रमाणपत्रावर सही करायचा नव्हता. त्यामुळे लिफ्टला कुलूप होतं आणि त्याची किल्ली मेजरांकडे होती.

"एकदाच खाली नेऊ," मेजर म्हणाले होते. "कुणाला कळतंय?"

"मला कळेल," निरीक्षक म्हणाले. "तपासणी न झालेल्या यंत्रात माझे वडील बसणार नाहीत. ज्याचं पोट शिक्क्यावर चालतं, त्यानेच शिक्क्याशिवाय वर-खाली करायचं म्हणजे झालंच."

मग मेजरांनी दुसरा तोडगा काढला. आप्पांना खुर्चीत बसवायचं आणि चौघांनी मिळून उचलायचं. यावर आप्पांनी पलंगावरूनच उत्तर दिलं, "चौघांनी उचलायचा दिवस यायचाय माझा. तेव्हा बोलावतो तुम्हाला. तोवर मुलाच्या पाठीवर जाईन, नाहीतर इथेच पडून राहीन."

मुलाची पाठ अशी वळणावर बसली, तेव्हा पुढच्याच सोमवारी निरीक्षकांनी जिममध्ये नाव घातलं.

जिमचे ट्रेनर मानेचा आणि खांद्याचा फरक न उरलेले गृहस्थ होते. त्यांना सगळे 'सर' म्हणत. सरांनी निरीक्षकांना आपादमस्तक पाहिलं आणि उद्देश विचारला. वजन कमी करायचंय, पोट घालवायचंय, छाती कमवायचीय, असे उद्देश त्यांच्याकडे नेहमी येत.

"वडिलांना तीन मजले खाली न्यायचंय," निरीक्षक म्हणाले.

सरांनी त्यांचा दंड दाबून पाहिला. मग म्हणाले, "होईल. पण सावकाश. एक दिवस व्यायाम, एक दिवस सुट्टी."

"सुट्टी कसली? मी अजून काही केलेलंच नाही."

"केल्यावर लागेल."

पहिल्या आठवड्यात वाद झाला तो सुट्टीवरून नाही, वजनांवरून. निरीक्षकांना हातात घेताच वजन कळे. त्यांनी एक लोखंडी चकती उचलली, तळहातावर तोलली आणि तिच्यावर छापलेलं वजन तिच्यात नाही असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी ते खात्याची प्रमाणित वजनांची पेटी घेऊन आले आणि सगळ्या चकत्या तपासल्या. त्यांतल्या निम्म्या हलक्या निघाल्या. आरशासमोर दंड फुगवून उभ्या असलेल्या मंडळींचे चेहरे पडले. वर्षभर आपण जेवढं उचलतोय असं सगळ्यांना सांगितलं, तेवढं उचलतच नव्हतो, हे कुणाला आवडेल? सर शांतपणे म्हणाले, "साहेब, चकती हलकी असेल, घाम खरा आहे. पेटी घरी ठेवून या."

निरीक्षकांनी पेटी घरी ठेवली, पण सुट्टी काही त्यांच्या पचनी पडेना. त्यांचा हिशोब सरळ होता. एक दिवसाआड व्यायाम करून माणूस जेवढा तयार होतो, रोज करून त्याच्या दुप्पट व्हायला हवा. दोन्ही वेळा केला तर चौपट. काट्यात दुप्पट माल टाकला की दुप्पट वजन दिसतं, यात कुणाचं दुमत असायचं कारण नाही. शिवाय काकांचा श्वास फोनवरून दिवसेंदिवस जड ऐकू येत होता. स्नायूंना सुट्टी हवी असेल, पण काकांना सवड नव्हती.

मेजरांनीही याच मताला खतपाणी घातलं. जिन्यात भेटले की ते विचारत, "दुखतंय का?"

"फार."

"मग उत्तम. दुखतंय म्हणजे तयार होतंय. दुखायचं थांबलं की समजा, अंग झोपलं."

आप्पांकडे एक दिवसाआड येणाऱ्या व्यायामाच्या बाई मात्र वेगळंच सांगत. आप्पांना त्या पलंगाच्या कडेला बसवत, उभं करत, चार पावलं चालवत आणि पुन्हा बसवत. एकदा निरीक्षक मध्येच म्हणाले, "बाई, आप्पांकडून थोडं जास्त करून घ्या की. रोज या. पैशांचं बघू."

"रोज आले तर त्यांचं मागे जाईल," बाई म्हणाल्या. "पाय व्यायामाच्या वेळी थकतो. सुधारतो तो नंतर, ते झोपलेले असतात तेव्हा. झोपूच दिलं नाही तर सुधारणार कधी?"

"हे आजारी माणसाचं झालं," निरीक्षक म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. निरीक्षक तेव्हा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, कारण टेकल्याशिवाय त्यांना उभं राहता येत नव्हतं.

सरांनी सुट्टीच्या दिवशी निरीक्षकांना दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी बाजारामागच्या गल्लीतल्या दुसऱ्या जिममध्ये गुपचूप नाव घातलं. तिथे कुणी विचारणारं नव्हतं. बाहेरख्याली नवरा जसा दोन्ही घरी वेळेवर पोचायची कसरत करतो, तसे निरीक्षक एका जिमचा घाम पुसून दुसऱ्या जिममध्ये जाऊ लागले. बायकोला शंका आली ती धुण्यावरून. "अहो, एका माणसाचे इतके बनियन?" तिने विचारलं. निरीक्षक म्हणाले, "उकाडा वाढलाय."

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण लोखंड उचलणं वेगळं आणि माणूस उचलणं वेगळं, हे ओळखण्याइतके निरीक्षक आपल्या धंद्यात मुरलेले होते. त्यांनी एक पोतं आणलं, त्यात वाळू भरली आणि खात्याच्या काट्यावर तोलून ते बरोबर आप्पांच्या वजनाचं केलं. मग पहाटे लोक उठायच्या आत ते पोतं पाठीवर घेऊन जिना चढू-उतरू लागले. बायकोने एकदा दार उघडून पाहिलं, तर नवरा पोत्याला पाठीवर सावरत पुटपुटत होता, "झालं आप्पा, आलंच खाली."

तिने दार हळूच लोटून घेतलं. तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात पोतं मेजरांच्या दारासमोर उसवलं. निम्मे आप्पा जिन्यावर सांडले. वाळू घराघरांत गेली. इमारतीच्या सूचना-फलकावर मेजरांनीच मजकूर लावला, की जिन्यात बांधकाम साहित्याची ने-आण करण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. निरीक्षकांनी त्याखाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर साहित्य बांधकामाचे नाही.' मग कशाचं, हे लिहायला त्यांचा हात धजला नाही.

आणि या सगळ्यात गंमत अशी की ताकद वाढायच्या ऐवजी कमी होऊ लागली. आधी सहज उचललं जाणारं वजन आता जागचं हलेना. रात्री अंग मोडून यायचं, पण डोळ्याला डोळा लागत नसे. सकाळी उठताना छाती अशी धडधडे, की निरीक्षक झोपेतही जिना चढत असावेत. ताटावर बसलं की अन्न नकोसं व्हायचं. एरवी कुणाला उणादुणा शब्द न बोलणारा माणूस, पण शिक्क्याच्या शाईवरून कार्यालयात असा खेकसला की अधीक्षक बाईंनी त्यांना बोलावून विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?"

ज्या दिवशी सगळं समजायला हवं होतं, तो दिवस धान्याच्या एका गोदामात उजाडला. निरीक्षक तिथला वजनकाटा तपासायला गेले होते. त्यांनी पेटी उघडली आणि खात्याचं वीस किलोचं प्रमाणित वजन, जे ते गेली कित्येक वर्षं पानाचा डबा उचलावा तसं उचलत आले होते, त्याच्या कडीत हात घातला. वजन उचललं गेलं नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. बोटं कडीत होती, खांदा जागेवर होता, पण मधला हात जणू दुसऱ्याच कुणाचा होता.

"साहेब, वजनात काही फरक आहे का?" मालकाने अदबीने विचारलं.

"वजन बरोबर आहे," निरीक्षक म्हणाले.

शेवटी गोदामाच्या मालकाने ते उचलून काट्यावर ठेवलं. ज्याचा काटा तपासायचा, त्यानेच वजन ठेवायचं, हे नियमात कुठेही बसत नव्हतं. निरीक्षकांनी शिक्का न मारता पेटी बंद केली आणि पुन्हा येतो म्हणून निघाले. रस्त्यात त्यांनी ठरवलं, की आपण कुठेतरी कमी पडतोय. व्यायाम वाढवायला हवा.

त्या संध्याकाळी ते आधी पहिल्या जिममध्ये गेले. सरांनी त्यांचा चेहरा पाहून परत पाठवलं. मग ते दुसऱ्या जिममध्ये गेले आणि दिवे मालवायची वेळ होईपर्यंत बैठका मारत राहिले.

सकाळी त्यांना पलंगावरून उठता आलं नाही. मांड्या सुजून टणक झाल्या होत्या आणि हात केसांपर्यंत पोचत नव्हता. बायकोने धरून कसंबसं न्हाणीघरात नेलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"लघवी काळी झालीय," ते म्हणाले. "दुधाशिवायच्या चहासारखी."

बायकोने व्यायामाच्या बाईंना फोन केला. बाईंनी एकच वाक्य सांगितलं, की आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या, वाट बघू नका.

आता प्रश्न आला तीन मजल्यांचा. निरीक्षकांना पायरी उतरणं सोडा, उभं राहणं शक्य नव्हतं. मेजर किल्ली घेऊन वर आले आणि काही न बोलता ती त्यांनी निरीक्षकांसमोर धरली.

"नाही," निरीक्षक पडल्या पडल्या म्हणाले. "प्रमाणपत्र नाही."

मेजरांनी सुस्कारा टाकला आणि खुर्ची मागवली. मेजर, त्यांचा जावई, पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि तळमजल्यावरचा शिंपी अशा चौघांनी निरीक्षकांना खुर्चीत बसवून उचललं. दारातून खुर्ची निघाली तेव्हा आप्पा आपल्या पलंगावरून, मान वळवून बघत होते. निरीक्षकांना वाटलं, आप्पा काहीतरी बोलतील. चौघांच्या खुर्चीवरून आप्पांना बोलता येण्यासारखं पुष्कळ होतं. पण आप्पांचे ओठ नुसते हलले, आणि त्यांनी चांगला हात वर केला तो खाली घेतलाच नाही.

निरीक्षकांनी डोळे मिटून घेतले. अख्ख्या आयुष्यात त्यांना एवढी लाज वाटली नव्हती. आणि त्याखाली, लाजेच्याही तळाशी, भीती होती.

इस्पितळातल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी रक्त तपासलं, सलाईन लावलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"तुमचे स्नायू फुटलेत," त्या म्हणाल्या. "व्यायामाने स्नायूंना बारीक बारीक इजा होते, ती व्हायचीच. विश्रांती दिली की शरीर ती भरून काढतं आणि स्नायू आधीपेक्षा मजबूत होतो. तुम्ही भरून काढूच दिलं नाही. आता ते फुटलेले स्नायू रक्तात उतरलेत आणि मूत्रपिंडांना ते गाळावे लागतायत. वेळेवर आलात. दोन दिवस उशीर झाला असता तर मी इतकी निवांत बसले नसते."

"म्हणजे मी जेवढं केलं ते सगळं..."

"उणे," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

वजनमापांच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

रजेचा प्रश्न निघाला तो त्याच दुपारी. अधीक्षक बाईंचा फोन आला.

"साहेब, बरे व्हा. पण कारण काय लिहू? प्रमाणपत्रावर 'अतिव्यायाम' लिहिलंय. आपल्याकडे आजारपणाची रजा आहे, अपघाताची आहे. व्यायामाची नाही."

"मग 'अतिश्रम' लिहा."

"आपल्या खात्यात?" त्या म्हणाल्या. "वरचे चौकशी लावतील."

शेवटी 'स्नायूंचा विकार' यावर तडजोड झाली. निरीक्षकांनी फोन ठेवला आणि ते छताकडे बघत पडून राहिले. मूत्रपिंडं हळूहळू ताळ्यावर येत होती, पण मन येत नव्हतं. काकांच्या घरून निरोप होता की आता ते फारसं बोलत नाहीत. आप्पा तिसऱ्या मजल्यावर, मुलगा इस्पितळात, आणि जिना होता तिथेच होता. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, ते राहिलं बाजूलाच. बायको भेटायला आली की ते विचारत, "आप्पा काय म्हणतात?" ती म्हणे, "बरे आहेत. व्यायाम करतात." आणि विषय बदलून टाके. तिने असा विषय बदलला की निरीक्षकांना वाटे, आप्पा आपल्यावर रागावलेत.

मग एका दुपारी, भेटीच्या वेळेत, खोलीच्या दाराशी काठीचा आवाज आला.

आधी काठी आली. मग चांगला पाय. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा पाय. आणि मग दारात आप्पा उभे होते. धुतलेला सदरा, विंचरलेले केस, एका बाजूला सून आणि दुसऱ्या बाजूला व्यायामाच्या बाई. त्या त्यांना धरत नव्हत्या, हात जवळ ठेवून नुसत्या चालत होत्या.

निरीक्षक उठायला गेले. "पडून राहा," तिघेही एकदम म्हणाले.

आप्पा खुर्चीपर्यंत आले, वळले, आणि शिकवल्याप्रमाणे मागे हात लावून खात्री करूनच बसले. मग त्यांनी मुलाच्या हाताला लावलेली नळी पाहिली, वरची बाटली पाहिली, आणि म्हणाले, "जेवलास?"

"हो," निरीक्षक म्हणाले. "आप्पा, खाली कसे आलात? लिफ्ट सुरू झाली?"

"कसली लिफ्ट? जिन्याने आलो."

"तीन मजले?"

"हिने प्रत्येक वळणावर खुर्ची ठेवली होती," आप्पा सुनेकडे बोट दाखवून म्हणाले. "थोडं उतरायचं, बसायचं. पुन्हा उतरायचं, बसायचं. मेजरांनी पाणी दिलं, दाताच्या डॉक्टरांनी वारा घातला. सकाळी निघालो तो आत्ता पोचतोय. मला कुठे घाई होती?"

"तुम्ही खुर्चीवरून गेलात त्या दिवशी ठरवलंय त्यांनी," बायको म्हणाली. "तुम्हाला सांगू नको म्हणाले. म्हणाले, तो पुन्हा पोतं उचलेल."

पोत्याचं आप्पांना माहीत होतं, हे निरीक्षकांना आत्ता कळत होतं. वडील किती दिवस पहाटे जागे राहून, दाराबाहेर आपल्याच वजनाचं ओझं वर-खाली होताना ऐकत असतील, या विचाराने त्यांना तोंड भिंतीकडे करावं लागलं.

आप्पांनी त्यांना तसं राहू दिलं. थोड्या वेळाने ते काठी घेऊन उभे राहिले.

"निघालात?"

"खाली उतरलोच आहे तर भावाकडे जाऊन येतो. टॅक्सी थांबवलीय." दाराशी जाऊन ते सावकाश वळले. "तू पडून राहा. उगाच काही करू नकोस."

निरीक्षक पडून राहिले. आजवर कुठलंही काम त्यांना इतकं अवघड गेलं नव्हतं, पण ते त्यांनी नीट केलं.

दुसऱ्या दिवशी बायकोने सगळं सांगितलं. काका पहिल्या मजल्यावरच होते. आप्पा आत गेले तेव्हा ते डोळे मिटून पडले होते. आप्पा पलंगाशेजारी बसले. बऱ्याच वेळाने काकांनी डोळे उघडले, भावाकडे पाहिलं, आणि विचारलं, "कुणी आणलं तुला?"

"बसत बसत आलो," आप्पा म्हणाले.

यावर काका हसले. दोघे त्यानंतर फारसं बोलले नाहीत. आप्पांनी आपला चांगला हात त्यांच्या हातावर ठेवला होता आणि दिवेलागणीपर्यंत तो काढला नाही.

काका त्यानंतर दोन-अडीच महिने होते. आप्पा त्यांच्याकडे जमेल तसे जात राहिले, आणि रजा संपल्यावर निरीक्षकही बरोबर जाऊ लागले. जिम त्यांनी सोडली नाही, पण एकच ठेवली, आणि तिथे सर सांगतील त्या दिवशीच जातात. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी बापलेक जिना उतरायला निघतात. प्रत्येक वळणावर आप्पा खुर्चीवर टेकतात आणि निरीक्षक शेजारी पायरीवर बसतात.

परवा मेजर भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. दोघांना वळणावर पाहून ते थबकले.

"काय झालं, साहेब? काही मदत हवी का?"

"नाही," निरीक्षक म्हणाले. "बसलोय."

मेजर जरा घुटमळले. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, गुडघ्यांवर हात टेकून वाकले, आणि एक पायरी सोडून खालच्या पायरीवर तेही बसले.